पोतोसीला वळसा घालणारा बोलिव्हियाचा प्रवास

१/ बोलिव्हियाला जाण्याचा बेत आखणाऱ्या प्रवाशाच्या कागदावर बहुधा तीन नावे असतात : ला पाझ, तितिकाका सरोवर आणि उयुनीचे मीठपठार. पावसाळ्यात त्या पठारावर पाण्याचा पातळ थर साचतो, त्यात अवघे आकाश उतरते, आणि त्या एका छायाचित्रासाठी माणसे अर्धी पृथ्वी ओलांडून येतात. ला पाझहून रात्रीची बस किंवा विमान धरले की सहा-सात दिवसांत देश 'आटोपतो'.

२/ या बेतात एक शहर सहसा नसते. असलेच, तर बस बदलण्यापुरते. ते शहर म्हणजे पोतोसी. या थ्रेडचे म्हणणे असे : बोलिव्हियाचा प्रवास पोतोसी मध्यभागी ठेवून आखावा, त्या शहराला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत, आणि तिथे पोहोचल्यावर ज्या खाणीची सहल सर्वांत आधी पुढे केली जाते तिच्यात उतरण्याची घाई करू नये. या तिन्ही गोष्टींची कारणे इतिहासात आहेत.

३/ आरंभ नकाशापासून करणे बरे. उयुनीच्या पठाराचा बहुतांश भाग ज्या प्रशासकीय विभागात येतो, त्याचे नावच पोतोसी आहे. बोलिव्हियाच्या राजमुद्रेवर मध्यभागी जो शंकूच्या आकाराचा डोंगर दिसतो, तोही पोतोसीचाच. पोतोसी टाळून आलेला प्रवासीसुद्धा चहाचे पैसे देताना तो डोंगर खिशातून काढून दुकानदाराच्या हाती ठेवीत असतो. कारण ही राजमुद्रा तेथील नाण्यांवर असते.

४/ या डोंगराचे नाव सेरो रिको, म्हणजे 'श्रीमंत डोंगर'. त्याची उंची सुमारे ४,८०० मीटर. पायथ्याचे शहरच ४,००० मीटरांहून उंच आहे. कळसूबाईच्या शिखराच्या जवळजवळ अडीचपट. धान्य न पिकणाऱ्या, झाड न वाढणाऱ्या या थंड माळावर एवढे मोठे शहर का उभे राहिले असावे, हा प्रश्न तिथे उतरणाऱ्याला पहिल्याच धापेबरोबर पडतो. उत्तर एका शब्दाचे आहे : चांदी.

५/ इंकांचे राज्य स्पॅनिश लोकांनी १५३२ पासून मोडीत काढायला घेतले. जवळच्या पोर्को येथील चांदीच्या खाणी इंकांना ठाऊक होत्याच. पोतोसीच्या डोंगरावरील शिरा स्पॅनिश लोकांच्या हाती लागल्या त्या १५४५ मध्ये. दिएगो उआल्पा नावाच्या एका स्थानिक माणसाला ती चांदी प्रथम दिसली, असे परंपरा सांगते. कशी दिसली याच्या कथा अनेक आहेत. त्यानंतर काय झाले याबद्दल मात्र कागदपत्रांची वाण नाही.

६/ पहिली पंचवीस वर्षे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. खाणींची मालकी स्पॅनिश लोकांकडे होती, पण धातू गाळण्याची विद्या होती स्थानिक कारागिरांकडे. 'उआइरा' नावाच्या, वाऱ्यावर पेटणाऱ्या लहान भट्ट्या ते डोंगराच्या उतारावर मांडीत. रात्री त्या हजारो भट्ट्यांच्या उजेडाने डोंगर चमकत असे, असे तत्कालीन प्रवाशांनी नोंदवले आहे. मालकाला कारागिराची मनधरणी करावी लागे, असा तो काळ होता.

७/ वरच्या थरातील समृद्ध धातुक संपले आणि हलक्या प्रतीचे उरले, तेव्हा हे गणित बदलले. १५७२ मध्ये पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो पोतोसीला आला आणि त्याने तीन गोष्टी जुळवल्या : पारा, पाणी आणि माणूस. पारा पेरूतील उआंकावेलिकाच्या खाणीतून येऊ लागला. त्याच्याशी मेळ घालून हलक्या धातुकातूनही चांदी निघे. धातुक कुटणाऱ्या चक्क्या फिरवण्यासाठी डोंगरांत धरणे बांधून तळी केली गेली.

८/ तिसरी गोष्ट म्हणजे माणूस. इंकांच्या काळी 'मिता' म्हणजे पाळी : राज्याच्या कामासाठी प्रत्येक गावाने आळीपाळीने माणसे द्यायची. तोलेदोने नाव तेच ठेवले आणि आशय पार बदलला. १६ प्रांतांतून प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा, म्हणजे वर्षाला १३,००० हून अधिक माणसे, पोतोसीसाठी मुक्रर झाली. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : वेठ.

९/ कुस्कोच्या बाजूच्या गावांतून निघणाऱ्यांना सुमारे हजार किलोमीटर चालावे लागे. बरोबर बायको, मुले, लामांचे कळप आणि वाटखर्चाला चुन्यो असे. चुन्यो म्हणजे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत ठेवून, पायांनी तुडवून, उन्हात सुकवलेला बटाटा. तो वर्षानुवर्षे टिकतो. बटाटा मुळात याच अँडीज पर्वतातला. आज पोतोसीच्या बाजारात काळ्या-पांढऱ्या खड्यांसारखा दिसणारा चुन्यो पाहणाऱ्याने ही वाट आठवावी.

१०/ खाणीत उतरायचे ते कातड्याच्या दोरांच्या शिड्यांवरून. अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली, पाठीवर धातुकाचे ओझे. जे चक्क्यांवर कामाला लागत, त्यांच्या वाट्याला धूळ आणि पाऱ्याची वाफ येई. मजुरी मिळे, पण मोकळ्या मजुराला मिळणाऱ्या मोबदल्यापेक्षा ती पुष्कळ कमी असे आणि पोट भरायला अपुरी पडे. ही व्यवस्था सुमारे अडीचशे वर्षे चालली. काडिझच्या संसदेने ती १८१२ मध्ये रद्द ठरवली, आणि तिच्यावर शेवटचा पडदा १८२५ मध्ये पडला.

११/ येथे एका प्रसिद्ध आकड्याचा समाचार घेणे आवश्यक आहे. 'पोतोसीच्या डोंगराने ८० लाख माणसे गिळली' हे वाक्य प्रवासवर्णनांत, माहितीपटांत आणि मार्गदर्शकांच्या तोंडी सर्रास ऐकू येते. हा आकडा पोतोसीच्या मृत्युनोंदींतून आलेला नाही, आणि इतिहासकार तो स्वीकारीत नाहीत. साथीचे रोग, पलायन आणि स्थलांतर यांमुळे अँडीजमधील लोकसंख्येत झालेली प्रचंड घट एकाच डोंगराच्या खात्यावर टाकल्यासारखे ते होते.

१२/ आकडा नाकारला म्हणजे अन्याय नाकारला, असे होत नाही. जी गावे मिताच्या पाळीत येत, तेथील माणसे घरदार सोडून दुसऱ्या प्रांतांत 'परके' म्हणून राहू लागली, कारण परक्यावर वेठ नव्हती. गावेच्या गावे अशी रिकामी झाली. उरलेल्यांवर पाळी अधिक लवकर येऊ लागली. एखादे गाव आपली ओळखच टाकून देते, तेव्हा त्याच्यावर काय गुदरले हे समजायला लाखांचे आकडे लागत नाहीत.

१३/ आणि पोतोसीतील माणसे निव्वळ बळीही नव्हती. मिताच्या मजुरांबरोबर 'मिंगा' म्हणजे मोकळे, जास्त मजुरी घेणारे कामगार होते. 'काखचा' म्हणवणारे लोक शनिवारी रात्री खाणीत शिरत आणि सोमवारच्या पहाटेपर्यंत स्वतःसाठी धातुक काढीत. मालक याला चोरी म्हणत. काखचा याला रूढी म्हणत. धातुकाच्या बाजारात विक्रीसाठी बसणाऱ्यांत स्थानिक स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. या शहराचा इतिहास त्यांनीही घडवला.

१४/ सतराव्या शतकाच्या आरंभी पोतोसीची वस्ती एक लाखाच्या वर गेली. त्या काळच्या युरोपातील मोठ्या शहरांच्या पंगतीत ती बसते. खायचे धान्य, प्यायची दारू, अंगावरचे कापड, इमारतीचे लाकूड, सारे खालून खेचरांच्या आणि लामांच्या पाठीवरून येई. १६२६ मध्ये एक धरण फुटले आणि पाण्याच्या लोंढ्याने चक्क्या, घरे व माणसे वाहून गेली. मानवनिर्मित तळ्यांवर जगणाऱ्या शहराने त्याची किंमत अशी मोजली.

१५/ चांदी बाहेर पडण्याची मुख्य वाट पश्चिमेकडे होती : अरिका बंदर, तेथून जहाजाने काय्याओ, मग पनामा, तेथील चिंचोळी भूमी ओलांडून पुन्हा जहाज, आणि अखेर स्पेनमधील सेव्हिल. राजाचा कर चुकवू पाहणारी चांदी ब्युनोस आयरेसच्या बाजूने चोरून निघे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकट्या पोतोसीइतकी चांदी पुरवणारे दुसरे ठिकाण जगात नव्हते. स्पॅनिश भाषेत आजही अमोल वस्तूला 'एका पोतोसीच्या मोलाची' म्हणतात.

१६/ सेव्हिलमध्ये ही चांदी थांबली नाही. व्यापाराच्या ओघाने ती अँटवर्प, अॅमस्टरडॅम, लंडनकडे गेली आणि तेथून पूर्वेकडे वळली. कारण युरोपला हवे असलेले मिरे, नीळ, रेशीम आणि सुती कापड आशियात होते, आणि आशियाला युरोपकडून चांदीखेरीज फारसे काही नको होते. तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि आफ्रिकेला वळसा घालणारा सागरी मार्ग, या तिन्ही वाटांनी अमेरिकेची चांदी सुरतेला पोहोचत असे.

१७/ मुघल राज्यात परकीय नाणे बाजारात चालत नसे. आठ रियालांची स्पॅनिश नाणी सुरतेच्या टांकसाळीत वितळवली जात आणि त्यांचे रुपये पाडले जात. सुरतेतील अमुक एका रुपयात पोतोसीची चांदी किती आणि मेक्सिकोची किती, हे सांगणे अशक्य; वितळलेल्या धातूला गाव नसते. पण १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या सुरतेवर स्वारी केली, तिची श्रीमंती या जागतिक चांदीच्या ओघावर उभी होती, एवढे निश्चित.

१८/ म्हणून मराठी प्रवाशाला पोतोसी हे दूरचे, असंबद्ध शहर वाटण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या इतिहासात सुरतेचे नाव आले की त्या नावामागे समुद्रापलीकडचा एक डोंगर उभा असतो. शाळेच्या पुस्तकात तो दिसत नाही. प्रवासाचा एक लाभ असा की पुस्तकात न दिसलेली साखळी पायांनी जोडता येते.

१९/ ही साखळी दाखवणारी वास्तू पोतोसीतच आहे : कासा दे ला मोनेदा, म्हणजे टांकसाळ. पहिली टांकसाळ तोलेदोच्या काळची. आज दिसणारी प्रचंड दगडी इमारत १७५९ ते १७७३ या काळात बांधली गेली. आत लाकडी दंतचक्रांची अवाढव्य यंत्रे उभी आहेत. चांदीच्या लगडी त्यांत घालून त्यांच्या पट्ट्या लाटल्या जात. वरच्या मजल्यावर चांदी, आणि खालच्या अंधाऱ्या मजल्यावर ती यंत्रे फिरवणारी खेचरे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनीही पोतोसीच्या टांकसाळीत राबून आयुष्य वेचले.

२०/ याच टांकसाळीची एक गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी. १६४० च्या दशकात पोतोसीच्या नाण्यांत चांदी कमी भरते, हे उघडकीस आले. आतल्यांनीच संगनमत केले होते. राजा चौथ्या फिलिपने तपासनीस पाठवला. फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या धनाढ्य चांदी-व्यापाऱ्याला १६५० मध्ये देहान्त शिक्षा झाली. दूरदूरच्या बाजारांत व्यापारी पोतोसीचे नाणे घेण्यास कचरू लागले, आणि पुढे नाण्याचा छापच बदलावा लागला.

२१/ टांकसाळीच्या संग्रहालयात अठराव्या शतकातील एक चित्र आहे. चित्रकाराचे नाव अज्ञात. त्यात मेरी मातेची आकृती आणि सेरो रिको एकच झाले आहेत : डोंगर हाच तिचा पोशाख, त्यावर वाटा, लामा, माणसे. ख्रिस्ती देवमाता आणि अँडीजची धरित्री पाचामामा, या दोघी एकाच आकृतीत सामावल्या आहेत, असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. जो डोंगर पोखरायचा, त्यालाच आई म्हणायचे. या चित्रासमोर अर्धा तास उभे राहिले तरी तो थोडाच.

२२/ आता प्रवासाच्या क्रमाकडे. येथे इतिहास आणि शरीर दोघे एकच सल्ला देतात. ला पाझचा विमानतळ एल आल्तो ४,००० मीटरांहून उंच आहे. समुद्रसपाटीवरून थेट तेथे उतरणाऱ्याचे पहिले दोन दिवस डोके धरून बसण्यात जाऊ शकतात. त्याऐवजी सांता क्रूझला उतरावे, ते सुमारे ४०० मीटरांवर आहे. तेथून सुक्रे, सुमारे २,८०० मीटर. मग पोतोसी. त्यानंतर उयुनी, ३,६५० मीटरांच्या आसपास. ला पाझ शेवटी.

२३/ सुक्रे हा केवळ विसाव्याचा मुक्काम नाही. पोतोसीची थंडी न सोसणारे खाणमालक याच शहरात राहत. पैसा डोंगरावर निर्माण होई आणि सुखसोयी येथे उभ्या राहत. विद्यापीठ १६२४ चे. स्वातंत्र्याची घोषणा ६ ऑगस्ट १८२५ रोजी येथेच झाली, आणि राज्यघटनेनुसार आजही राजधानी हीच. पोतोसीच्या खाणींचे, मिताचे, खटल्यांचे कागद सुक्रेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत. तीन तासांच्या रस्त्याने हे शहर आणि पोतोसी जोडलेले आहे, आणि एकाची पांढरी घरे दुसऱ्याशिवाय समजत नाहीत.

२४/ बेतात दोन दिवस मोकळे राखून ठेवावेत. बोलिव्हियात मागण्या मान्य करून घेण्यासाठी रस्ते अडवणे ही जुनी राजकीय रीत आहे; खाणकामगार, शेतकरी, वाहनचालक, सारेच ती वापरतात. अडकलेला प्रवासी याला अव्यवस्था म्हणतो. परंतु ज्या देशाची संपत्ती शतकानुशतके रस्त्यांनीच बाहेर गेली, तेथील माणसाला रस्ता हीच आपल्या हातातली कळ वाटली, तर त्यात नवल काही नाही.

२५/ दोन व्यावहारिक बाबी. बोलिव्हियाहून परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. दुसरी बाब कोकाच्या पानांची. उंचीवर तेथे कोकाचा चहा सर्वत्र मिळतो आणि तो तेथे कायदेशीर आहे. भारतात मात्र कोकाचे पान १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. आठवण म्हणूनही एक पान पिशवीत ठेवू नये.

२६/ या पानाचाही पोतोसीशी जुना संबंध. स्पॅनिश धर्मगुरूंपैकी अनेकांना कोका म्हणजे मूर्तिपूजेचे साधन वाटे आणि त्यावर बंदी हवी होती. पण कोका चघळल्याशिवाय मजूर खाणीत टिकेना. भूक आणि थकवा मारणाऱ्या त्या पानाचा व्यापार मग राज्याच्या आशीर्वादाने फोफावला. नीती आणि नफा समोरासमोर आले तेव्हा पोतोसीत कोण जिंकले, हे त्या चहाच्या पेल्यातही वाचता येते.

२७/ आता सर्वांत अवघड प्रश्न : खाणीची सहल. सेरो रिको हे स्मारक नाही. तेथे आजही हजारो माणसे उतरतात. १९५२ च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारी झाल्या. १९८५ मध्ये कथिलाचा भाव जगभर कोसळला, सरकारी खाणी बंद पडत गेल्या, आणि २०,००० हून अधिक कामगार रस्त्यावर आले. त्यानंतर डोंगर राहिला तो मुख्यतः खाणकामगारांच्या सहकारी संस्थांकडे.

२८/ 'सहकारी' हा शब्द महाराष्ट्रात ओळखीचा, म्हणून येथे सावध राहावे. या संस्थांत सभासद असतात, आणि त्यांच्या हाताखाली सभासद नसलेले रोजंदारीचे मजूरही असतात. धोका दोघांना, वाटा सारखा नाही. दगडाची धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा येथला नित्याचा आजार आहे. शतकांच्या खोदाईने डोंगराचा माथा खचू लागला आहे. १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे शहर २०१४ पासून धोक्यातील वारशांच्या यादीत आहे.

२९/ सहलीचे स्वरूप ठरलेले. प्रवाशांना खाणकामगारांच्या बाजारात नेतात. तेथे कोका, मद्यार्क, सिगारेटी आणि स्फोटकाच्या कांड्यासुद्धा भेट म्हणून विकत घेता येतात. मग शिरस्त्राण, दिवा आणि वाकत वाकत जाण्याचे बोगदे. आत 'तिओ'ची मूर्ती : शिंगे असलेला, भूगर्भाचा धनी. कामगार त्याला पाने आणि दारू वाहतात. त्यांच्या लेखी जमिनीवर देवाचे राज्य, जमिनीखाली तिओचे.

३०/ या सहलीच्या बाजूने बोलणारे प्रामाणिक आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. अनेक मार्गदर्शक स्वतः पूर्वीचे खाणकामगार. फुप्फुसे शाबूत असताना बाहेर पडण्याची ही त्यांची वाट. 'आमचे काम जगाने पाहावे' असे म्हणणारे कामगारही आहेत. जे दृष्टिआड, ते विस्मृत, असा त्यांचा युक्तिवाद. आणि पोतोसीचा इतिहास पाहता तो सहज फेटाळता येत नाही.

३१/ तरीही दोन गोष्टी खटकतात. एक, अरुंद बोगद्यात ओझ्याची गाडी ढकलणाऱ्या माणसाला दहा पाहुण्यांसाठी थांबावे लागते, आणि त्या पाहुण्यांना ते काम साहसाच्या खेळासारखे विकलेले असते. दुसरी गोष्ट अधिक जुनी. पोतोसीकडे बाहेरून येणारा प्रत्येक जण या डोंगरातून काहीतरी घेऊन जाण्यासाठी आला. पूर्वी चांदी नेली. आज थरार आणि छायाचित्र नेले जाते. नेणाऱ्याची घाई तीच.

३२/ म्हणून सल्ला असा. ज्याच्याजवळ पोतोसीत एकच दिवस आहे, त्याने खाणीत उतरू नये. तो दिवस टांकसाळीला, कारागिरांच्या जुन्या वस्तीला आणि शहरातून दिसणाऱ्या डोंगराला द्यावा. ज्याच्याजवळ दोन दिवस आहेत आणि ज्याला उतरायचेच आहे, त्याने पूर्वीच्या खाणकामगारांबरोबरच उतरावे, परवानगीवाचून कोणाचा चेहरा टिपू नये, स्फोटाचे प्रात्यक्षिक मागू नये. आणि आधी टांकसाळ पाहिलेली असावी. चांदी कोठे गेली हे ठाऊक असलेला माणूस ती जेथून निघाली तेथे वेगळ्या नजरेने उभा राहतो.

३३/ यानंतर उयुनी. गावाबाहेर गंजलेल्या इंजिनांचे 'रेल्वेचे स्मशान' आहे. प्रवासी त्यांवर चढून छायाचित्रे काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रेल्वे आली ती खनिज आंतोफागास्ता बंदराकडे नेण्यासाठी. ते बंदर एकेकाळी बोलिव्हियाचेच. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने तो किनारा जिंकला आणि देश समुद्राला मुकला. म्हणजे बोलिव्हियाचे खनिज ज्या बंदराकडे धावू लागले, ते तोवर परक्याचे झाले होते.

३४/ आणि त्या सुप्रसिद्ध शुभ्र पठाराखालच्या खारट पाण्यात जगातील सर्वांत मोठ्या ज्ञात लिथियमसाठ्यांपैकी एक आहे. फोनच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लिथियम लागते. २०१९ मध्ये एका जर्मन कंपनीबरोबरच्या लिथियम प्रकल्पाविरुद्ध पोतोसीचे लोक रस्त्यावर उतरले : आमच्या भूमीतील संपत्तीत आमचा वाटा किती? त्या नोव्हेंबरात सरकारने प्रकल्पाचा हुकूम मागे घेतला. हा प्रश्न त्यांनी कोठून शिकला, हे पोतोसी पाहून आलेल्याला विचारावे लागत नाही.

३५/ आक्षेप येईल : रजा मोजकी, तिकीट महाग, पूर्वज काय सोसून गेले हे पाहायला कोणी सुट्टीवर जात नाही. आक्षेप रास्त आहे. दहा दिवस असतील, तर सुक्रेला तीन, पोतोसीला दोन, उयुनीला दोन, उरलेले ला पाझ आणि वाटेला. सातच असतील, तर तितिकाका पुढच्या खेपेस ठेवावे. त्या सरोवराचा काठ पेरूच्या बाजूनेही गाठता येतो. पोतोसीला दुसरी बाजू नाही.

३६/ मीठपठाराचे सौंदर्य खोटे नाही, ते पाहावेच. ला पाझहून थेट येणाऱ्याला तेथे आकाश दिसते आणि आपली प्रतिमा दिसते. पोतोसीहून येणाऱ्याला त्या पाण्याखालचे मीठ, मिठाखालचे लिथियम, आणि ते नेण्यासाठी पुढे कोणत्या दिशेने रस्ते निघतील हेही दिसू लागते. छायाचित्र दोघांनाही सारखेच मिळते. सांगण्यासारखी गोष्ट घेऊन परततो तो दुसरा.